पटसंख्या आणि मुक्ताचा निबंध

एकोणिसाव्या शतकातील मिशन शाळांचा इतिहास बहुधा पटसंख्येच्या आधारे लिहिला जातो. शाळा किती, मुले किती, त्यांत मुली किती, एवढे सांगून अहवाल थांबतात. मूल शाळेत का आले, का येईनासे झाले आणि शाळेबाहेर त्याची स्थिती काय होती, हे आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी मुलांच्या स्वतःच्या लेखनाकडे वळावे लागते.

बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. १८२४ मध्ये त्यांनी तेथे मुलींची शाळा उघडली आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे कार्य आरंभिले. याच बोर्डाने अमेरिकेतील चेरोकी मुलांसाठी १८१७ मध्ये ब्रेनर्ड येथे निवासी शाळा काढली होती. तेथील विद्यार्थिनी कॅथरिन ब्राउन १८२३ मध्ये निवर्तली. तिच्या पत्रांसह तिचे चरित्र बोर्डाच्या रूफस अँडरसन यांनी सिद्ध केले. त्यात ती बोलते, पण शाळेत शिकलेल्या इंग्रजीतून, आणि बोर्डाच्या चिटणीसाने जुळविलेल्या पृष्ठांतून.

हेच अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. इंग्रजी शाळांवरील भर कमी करून देशी भाषांतून शिक्षण द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच काळात, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुक्ता मिशनची नव्हे, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती. शाळा एकाची आणि पत्र दुसऱ्याचे, असा हा योग होता. भाषा मात्र तिची स्वतःची होती.

मुलांच्या परिस्थितीविषयी हा निबंध जे सांगतो, ते कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाही. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते. उच्चवर्णीयांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले, तरी मांग-महारांची मुले सरकारात दाद मागत नाहीत. कारण उष्ट्या अन्नासाठी त्यांना त्याच घरी जावे लागते. अशा मुलाची शाळेतील हजेरी हीच किती कष्टसाध्य गोष्ट होती, हे येथे उमगते.

पुढे १८८२ मध्ये शिक्षण आयोगापुढील निवेदनात फुले यांनी शेतकऱ्यांच्या मुलांविषयी हेच सूत्र मांडले. दारिद्र्य, गुरे राखणे आणि शेतीची कामे यांमुळे ही मुले शाळेत टिकत नाहीत, असे सांगून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

म्हणून मिशनचे अहवाल टाकाऊ ठरत नाहीत. शाळा कोठे होत्या व कोणासाठी होत्या, हे तेच सांगतात. परंतु मुक्ताचा निबंध मराठी गद्याच्या इतिहासात केवळ आद्य दलित स्त्रीलेखन म्हणून नोंदविणे पुरेसे नाही. अनुपस्थितीची कारणे एका उपस्थित विद्यार्थिनीने सांगितलेला तो दस्तऐवज आहे, आणि अहवालांशेजारी ठेवूनच तो वाचला पाहिजे.