दिव्यांची उलटी माळ

मरीन ड्राइव्हवर रात्री काढलेल्या फोटोत कधीकधी एक गंमत दिसते. खाली डावीकडे दिव्यांची झगझगीत माळ आणि वर उजवीकडे, काळ्या आभाळात, तिचीच फिकट प्रत उलटी टांगलेली. छायाचित्रकार या भुताला ‘घोस्ट’ म्हणतात. त्याचा मुक्काम बहुतेकदा लेन्सवर हौसेनं चढवलेल्या सपाट काचेत, म्हणजे यूव्ही फिल्टरमध्ये असतो.

सेन्सर चकचकीत असतो. त्यावरून थोडा प्रकाश मागे फिरतो आणि लेन्समधून बाहेर पडू पाहतो. वाटेतली सपाट काच आरशासारखी त्यातला काही अंश परत पाठवते आणि लेन्स इमानेइतबारे तो पुन्हा सेन्सरवर एकवटते. फक्त चित्राच्या मध्याच्या बरोब्बर पलीकडे. लेन्समधली वक्र भिंगंही प्रकाश परतवतात, पण तो बहुधा पसरून जातो. सपाट काचेचं भूत मात्र रेखीव!

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दोन्ही बाजू मिळून ८. चांगल्या फिल्टरवर लेपाचे अनेक थर असतात, त्यामुळे हे प्रमाण बरंच खाली येतं. प्रकाशाचं परतणं रोखणारा लेप झाइस कंपनीतले अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर पुरतो: त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. स्वस्त फिल्टरमध्ये काटकसर होते ती नेमकी इथेच.

यूव्ही फिल्टर मुळात फिल्मसाठी: तिला अतिनील (यूव्ही) किरण जाणवत, डोंगरावरचे फोटो निळसर धुरकट येत. डिजिटल सेन्सरपुढे हे किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. म्हणजे फिल्टरचं मूळ काम संपलं, उरली ती भिंगाची राखणदारी.

तीही सरसकट नाही. कॅमेरा पडला तर फिल्टरची पातळ काच आधी फुटते आणि तिचे तुकडे भिंगावर चरे पाडू शकतात; धक्का झेलायला लेन्स हूड बरा. पुढच्या भिंगावरचे धुळीचे चार कण तर फोटोत बहुधा दिसतही नाहीत. खारे तुषार आणि विसर्जन मिरवणुकीतला गुलाल यांची गोष्ट वेगळी. कॅननच्या काही महागड्या लेन्सचं पाण्या-धुळीपासूनचं संरक्षणही पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं.

मरीन ड्राइव्हवर पावसाळ्यात, भरतीच्या लाटा कठडा ओलांडतात तेव्हा, फिल्टर लावलेला बरा. रात्री दिवे टिपताना तोच काढून खिशात टाकायचा.