सुरतेतील मराठी विद्यार्थी व वैद्यकीय प्रवेश

खानदेशातून उपजीविकेसाठी सुरतेस गेलेली अनेक मराठी कुटुंबे उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झाली आहेत. सुरतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. महानगरपालिकेचेही स्वतंत्र महाविद्यालय आहे. पाल्याला तेथे प्रवेश मिळावा, अशी इच्छा असणाऱ्या पालकांनी काही बाबी वेळीच ध्यानात घ्याव्यात.

प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणवत्तेनुसार मिळतो. मराठी प्रश्नपत्रिकेचा पर्याय महाराष्ट्रातील केंद्रांपुरताच ठेवण्यात आला आहे. गुजरातेतील केंद्रांवर तो नसतो. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय पातळीवर, तर उर्वरित राज्य पातळीवर भरल्या जातात. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा याच राज्यातून उत्तीर्ण होणे आवश्यक असते. म्हणून दहावीनंतर मुलाची शाळा बदलण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या प्रवेशविषयक माहितीपुस्तिका अवश्य पाहाव्यात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या निर्णयानुसार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने स्थलांतर केल्यास मूळ राज्यातील आरक्षण नव्या राज्यात आपोआप लागू होत नाही. ऐनवेळी निराशा होऊ नये यासाठी शिक्षकांनी ही गोष्ट पालकांस समजावून द्यावी.

प्रवेश निश्चित होताच गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती सिद्ध ठेवाव्यात. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे मुख्य विषय असतात. रुग्णाशी संवाद साधण्यासाठी गुजराती उत्तम यावी. मराठीचे ज्ञानही तेथे उपयोगी पडेल.