आधी ब्रेक, मग वेग!

मैत्रिणींनो, गाडी चालवणाऱ्या बायका आता गावोगावी दिसतात. पण बॉनेट उघडायची वेळ आली की आपण लगेच ‘अहो, जरा बघता का?’ म्हणतो. मुलुंडला आमच्या शेजारच्या मुलीनं मात्र स्वतःच्या पगारातून जुनी मारुती ८०० घेतली, तीही ऑटोक्रॉससाठी! ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळाशी शर्यत. तिची आई धास्तावली. ‘ताई, तुम्ही तरी समजवा हिला,’ म्हणाली. समजवायला गेलेली मी तिच्याबरोबर गॅरेजात जाऊन बसले.

मारुती ८०० आपल्याकडे १९८३ ते २०१४ तयार होत होती. ७९६ सीसीचं साधं, तीन सिलिंडरचं इंजिन. ते ओळखणारा मेकॅनिक कुठंही सापडतो. मला वाटलं, पहिला खर्च इंजिनावर होणार. पण तिच्या यादीत पहिले होते ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. सारखे ब्रेक लावून ते तापलं की उकळतं आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. मग टायर. कडेवर तारखेचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं, पकड सुटते. त्यानंतर टायमिंग बेल्ट, कूलंटचे पाइप, सस्पेन्शनचे बुश. वेग वाढवायचा खर्च सगळ्यात शेवटी. ही यादी ऐकूनच आईची धास्ती निम्मी झाली.

रस्त्यावर शर्यत लावणं मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. हौस भागवायची ती क्लबच्या स्पर्धेत, हेल्मेट आणि पट्टा लावून. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशननं तर खास बायकांसाठी मुंबई ते अँबी व्हॅली रॅली भरवल्या. तिथं लवकर पोहोचलं तरी गुण कापतात. ठरल्या वेळेला पोहोचणारी जिंकते. घड्याळाच्या काट्यावर घर चालवणाऱ्या आपल्याला हे काय नवीन?

२०२४ मध्ये पुण्याच्या डायना पंडोले, दोन मुलांची आई, राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गटात विजेत्या ठरल्या. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

शर्यतीत सगळ्यांनीच उतरावं असं नाही. पण घरची गाडी असो की स्कूटी, टायरवरचे ते चार आकडे आजच वाचा. गॅरेजवाल्या भाऊंना ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा. त्याच गाडीत आपली पोरंबाळं बसतात.