गाडी आपली की नोकरी बरी?

गावातला एखादा तरुण चार-सहा वर्षे दुसऱ्याचा ट्रक चालवतो. रस्ते ओळखीचे होतात, मोंढ्यातले अडते आणि ट्रान्सपोर्टवाले त्याला नावाने हाक मारू लागतात. मग त्याच्या मनात येते, दुसऱ्याची गाडी किती दिवस ओढायची? हप्त्याने का होईना, आपलीच घेऊ. घरात बोलणे निघते. वडील म्हणतात, "घे, दारात आपली गाडी उभी राहील." आई म्हणते, "बाबा रे, महिन्याचा पगार येतोय तो बरा." मंडळी, या दोघांपैकी चूक कुणाचेच नाही. पण गाडीचा निर्णय इच्छेवर किंवा भीतीवर सोडायचा नसतो. तो कागदावर मांडायचा असतो. ती मांडणी कशी करायची, एवढेच आज पाहू.

शेतीतला दाखला घेतला म्हणजे गोष्ट लवकर समजते. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. पाऊस पडो न पडो, ठरलेले त्याला मिळायचे. पीक भरघोस आले तरी त्याचे साल वाढत नाही आणि बुडाले तरी कमी होत नाही. शेतमालकाचे उलटे असते. लाभही त्याचा, तोटाही त्याचा. पगारी ड्रायव्हर आणि गाडीमालक यांच्यात नेमका हाच फरक आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात धरा. जमीन वापरून झिजत नाही; ट्रक मात्र दर मैलाला झिजतो आणि त्याची किंमत उतरत जाते.

आता हिशेब मांडू. आकडे मानीव आहेत. तुमच्या भागातले खरे आकडे घालून तुम्ही तो पुन्हा करायचा आहे.

समजा, सहा चाकी नवा ट्रक बॉडीसकट ३० लाखांना पडला. पदरचे ५ लाख घातले आणि २५ लाख कर्ज काढले. व्याज दर साल दर शेकडा १० आणि मुदत पाच वर्षे. हप्ता येतो महिना सुमारे ५३,००० रुपये. साठ हप्त्यांत जवळजवळ ३२ लाख भरावे लागतात, म्हणजे व्याजच सात लाखांच्या घरात जाते. तोवर गाडीच्या नोंदणीपुस्तकात तुमच्या नावाबरोबर कर्ज देणाऱ्याचेही नाव असते, हे विसरू नका.

हा ट्रक महिन्याला ६,००० किलोमीटर धावला. त्यातले ४,५०० किलोमीटर माल भरून आणि १,५०० रिकामा. भरल्या गाडीला किलोमीटरमागे ५५ रुपये भाडे मिळाले, तर जमा झाली २,४७,५०० रुपये. आता खर्च बघा. लिटरला चार किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर डिझेलचे १,३५,०००. टोल २०,०००. सहा टायरांचा संच १,२०,००० चा आणि तो ६०,००० किलोमीटर टिकला, तर महिन्याची टायरझीज १२,०००. ऑइल, पाटे, ब्रेक वगैरे दुरुस्तीला ८,०००. विमा, कर, पासिंग, परमिट मिळून वर्षाचे १,२०,०००, म्हणजे महिन्याचे १०,०००. एकूण खर्च १,८५,०००. उरले ६२,५००. त्यातून हप्ता गेला की हाती राहतात ९,५०० रुपये. वाटेवरचे जेवणखाण यात धरलेले नाही, आणि क्लीनर ठेवला तर त्याचा पगार वेगळाच.

इथे पुष्कळ लोक फसतात. महिन्याला अडीच लाख हातातून खेळतात, तेव्हा माणसाला वाटते, धंदा जोरात चाललाय. टायर आणि विमा यांचा खर्च रोज दिसत नाही, म्हणून तो धरलाच जात नाही. आणि सगळ्यांत मोठी गफलत म्हणजे स्वतःची मजुरी कुणी खर्चात धरत नाही. हाच माणूस दुसऱ्याकडे गाडीवर असता, तर त्याला समजा २२,००० पगार मिळाला असता. तो खर्चाच्या बाजूला लिहा. मग दिसेल, की नफा तर नाहीच, उलट महिन्याला साडेबारा हजारांची तूट आहे. गाडी आपली म्हणताना आपण सावकाराचे कमी पगारी ड्रायव्हर होऊन बसलो!

मग गाडी घेऊच नये का? तसे नाही. त्याच हिशेबात फक्त एक आकडा बदला. रिकामे धावणे १,५०० वरून ८०० किलोमीटरवर आणा. बाकी सारे तेच ठेवा. आता भरून धावणे झाले ५,२०० किलोमीटर आणि जमा झाली २,८६,०००, म्हणजे ३८,५०० रुपये जास्त. खर्च आणि हप्ता वजा जाऊन उरतात ४८,०००. स्वतःचा २२,००० पगार काढून घेतला तरी २६,००० शिल्लक. भरलेली गाडी डिझेल थोडे अधिक पिते ते सोडले, तरी चित्र पार पालटते. सातशे किलोमीटरच्या मालाने तोट्याचा धंदा नफ्यात आला.

म्हणून गाडी कुणाची हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न, माल कुणाचा आणि परतीचे भाडे कुठले? लासलगावहून कांदा भरून वाशीच्या बाजारात गेलेली गाडी परत येताना काय आणणार? भिवंडीच्या गोदामातून नाशिककडचा माल तिला आधीच ठरलेला असेल, तर ती दोन्ही बाजूंनी कमावते. नसेल, तर मालक दोन दिवस ट्रक उभा करून दलालाच्या तोंडाकडे बघत बसतो आणि शेवटी मिळेल त्या दराने भरतो. कारण हप्त्याची तारीख थांबत नाही. भाड्यातला काही भाग भरतीच्या वेळी मिळतो, बाकी पोच दिल्यावर. आणि ती बाकी कधी कधी महिना-दीड महिना लोंबकळते. डिझेल मात्र रोख घालावे लागते.

हंगामाचेही तसेच. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नुसत्या त्याच्या भरवशावर घेतलेल्या गाडीला पावसाळ्यात काम काय? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, पण व्याज चढतच राहिले. तेव्हा डाऊन पेमेंट जमले म्हणून गाडी घेऊ नये. निदान तीन हप्ते आणि टायरांचा एक संच, म्हणजे आपल्या उदाहरणात पावणेतीन-तीन लाख रुपये, वेगळे बाजूला असावेत.

तूट आली की माणूस जास्त माल भरण्याच्या मोहात पडतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या सहा चाकी ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. एकूण वजन म्हणजे माल अधिक ट्रकचे स्वतःचे वजन, हे लक्षात असू द्या. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे. एका वजनकाट्यावर महिन्याची शिल्लक जाते. पाटे मोडतात, टायर फुटतात, ब्रेक लागत नाहीत ते निराळेच. आणि त्यात जीव जातो तो आपला किंवा दुसऱ्या कुणाचा तरी.

जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणारे फार. घ्यायला हरकत नाही, पण तिचे उरलेले आयुष्य मोजा. साध्या ट्रकला राष्ट्रीय परवाना बारा वर्षांपर्यंतच मिळतो, अनेक आसांच्या गाडीला पंधरा. आठ वर्षे झाली की पासिंग दर वर्षी करावे लागते. म्हणजे आठ वर्षांची साधी गाडी घेतली, तर परराज्यात माल नेण्याची चारच वर्षे उरली. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले की नाही, हे नोंदणीपुस्तकात पाहा आणि गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय सगळी रक्कम देऊ नका.

आता नोकरीची बाजू. नोकरी म्हणजे कमीपणा असे मुळीच समजू नका. पण सगळ्या नोकऱ्या सारख्या नसतात. गाडीवर चढण्याआधी चार गोष्टी विचारा. नेमणुकीचा कागद देणार का? पगार महिन्याचा की खेपेवर, आणि भत्ता वेगळा का? डिझेलची सरासरी बसली नाही किंवा माल कमी भरला, तर पगारातून कापणार का? भविष्यनिर्वाह निधी भरणार का? वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगारांच्या धंद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. रस्त्यावर ती किती पाळली जाते ते तुम्ही जाणताच, तरीपण हक्क माहीत असलेला माणूस निदान विचारू तरी शकतो. पगारी ड्रायव्हरला कामावर अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर असलेल्याला असा मालक कुठला? म्हणून २०१८ पासून अशा मालकासाठी १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा नियम आहे. विमा काढताना तो कागदावर आहे ना, हे स्वतः वाचून पाहा.

या दोहोंमध्ये एक तिसरी वाट आहे. गाडी आपली, पण ती एखाद्या कंपनीकडे कराराने लावायची. शेतीतल्या बटाईसारखेच हे. माल शोधण्याची विवंचना मिटते, दर मात्र कंपनी ठरवते. अशा करारात तीन वाक्ये असलीच पाहिजेत. महिन्याला किमान किती किलोमीटर काम देणार, डिझेल महागले तर दर वाढणार का, आणि पैसे किती दिवसांत मिळणार. करार एका वर्षाचा आणि कर्ज पाच वर्षांचे असेल, तर उरलेल्या चार वर्षांचे काय, हेही आधीच बोलून घ्या.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. अवजड वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. शाळा अर्धी सुटलेल्या मुलांना त्यामुळे हा धंदा खुला झाला, हे चांगले झाले. पण कर्जाचा करार, बिल्टी आणि विम्याची पॉलिसी वाचता येण्याची गरज काही निघालेली नाही. सरळव्याज, चक्रवाढव्याज आणि घसारा हे पाठ शिकवताना वर दिलेला हिशेब फळ्यावर मांडा. ज्याच्या घरी ट्रक आहे त्या मुलाला घरून खरे आकडे आणायला सांगा. वर्गातल्या त्या गणिताने एखाद्या घराचे शेत गहाण पडण्यापासून वाचेल.

आणि ज्याच्या मनात गाडी घ्यायची आहे, त्याने एवढे करावे. सध्याची नोकरी न सोडता तीन महिने एक वही ठेवावी. आपण चालवतो ती गाडी किती भरून धावली, किती रिकामी, किती दिवस उभी राहिली, भाडे कधी मिळाले, हे रोज लिहावे. मालकाला विचारायची गरज नाही. निम्म्याहून अधिक गोष्टी ड्रायव्हरला दिसतातच. मग स्वतःचा पगार, झीज आणि हप्ता वजा करून पाहावे. दोन्ही बाजूंचा माल देणारे निदान दोन-तीन कायमचे गिऱ्हाईक हाताशी असतील आणि वहीत शिल्लक दिसत असेल, तर खुशाल गाडी घ्यावी. पाच वर्षांनी कर्ज फिटेल. तोवर गाडी साडेतीन लाख किलोमीटर धावलेली असेल, म्हणून सुटलेल्या हप्त्यातून पुढच्या गाडीची तजवीज तेव्हापासूनच सुरू करावी. आणि वहीत शिल्लक दिसत नसेल, तर चांगल्या मालकाकडची नोकरी टिकवावी, दरमहा थोडे मागे टाकावे आणि गिऱ्हाईक जोडत राहावे. गाडी पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल.