हत्यार स्वस्त मिळावे, पण हलके नको

१९९७ साली खराडी पुणे महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते होती. आज तिथे इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारती आहेत आणि नव्या सोसायट्यांची कामे अजून चालूच आहेत. या इमारतींत नळ बसवणारे, वायरिंग करणारे, फर्निचर ठोकणारे, ग्रिल जोडणारे अनेक हात आपल्या समाजातील आहेत. कुणी आयटीआय करून आले, कुणी मामू-चाचांच्या हाताखाली शिकले. या सगळ्यांची कमाई ज्या वस्तूंवर उभी असते, त्या हत्यारांच्या खरेदीकडे मात्र घरात फारसे लक्ष दिले जात नाही. साडी घेताना चार दुकाने फिरणारे आपण पक्कड घेताना पहिल्याच दुकानात पैसे मोजतो. म्हणून या अंकात आम्ही हातहत्यारांच्या खरेदीचा विषय घेतला आहे.

सूट किती, यापेक्षा नेट भाव किती?

मॉलमधल्या किंवा मोठ्या दुकानातल्या हत्यारांच्या मांडणीवर ‘५० टक्के सूट’ असा लाल कागद हमखास दिसतो. ही सूट एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी म्हणजे सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत. त्याहून एक रुपयाही जास्त घेणे कायद्याने गुन्हा आहे, पण कमी घ्यायला कुणाची मनाई नाही. हत्यारांच्या धंद्यात छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांत बरेच अंतर असते. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवालाही, कोणताही फलक न लावता, एमआरपीच्या खालीच माल देतो.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एका पान्याच्या संचावर ९०० रुपये छापले आहेत आणि सूट ५० टक्के आहे. तो ४५० ला पडला. शेजारच्या दुकानात तेवढ्याच पान्यांच्या, तशाच दर्जाच्या दुसऱ्या संचावर ५६० छापले आहेत आणि सूट फक्त २५ टक्के आहे. तो पडला ४२० ला. कमी सुटीचा संच ३० रुपयांनी स्वस्त निघाला. म्हणून दुकानात गेल्यावर ‘सूट किती?’ असे न विचारता ‘नेट किती?’ असे विचारावे, आकडा कागदावर लिहावा आणि पुढच्या दुकानात जावे.

दुसरा फसवा आकडा नगांचा. ‘शंभर नगांची पेटी’ उघडून पाहिली तर त्यातले साठ-सत्तर नग म्हणजे स्क्रूड्रायव्हरची लहान टोके, खिळे आणि प्लगच असतात. रोज हाताला लागणारी हत्यारे त्यात पाच-सहा असतात आणि तीच सर्वांत हलक्या लोखंडाची असतात.

भिशीचे दहा हजार

चंदननगरमधल्या एका घरातली गोष्ट आमच्या कानावर आली. मुलगा प्लंबिंगचा कोर्स करून घरी आला होता. अम्मीने भिशीतून आलेले दहा हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले, ‘कामाला लाग’ म्हणाली. मुलाने एका मोठ्या दुकानातून सवलतीतली चकचकीत पेटी आणि एक ड्रिल मशीन आणले. पैसे संपले. पहिल्याच महिन्यात एका सोसायटीत जुना, गंजलेला नळ सोडवताना पेटीतल्या पाइप पान्याचे दात घासून गुळगुळीत झाले. पाना निसटला, बोटे भिंतीवर आपटली आणि नळाचा निप्पल आत तुटला. नुकसान भरून द्यावे लागले, आणि त्या इमारतीत पुन्हा बोलावणे आले नाही.

त्या घराला नड होती ती एका चांगल्या पाइप पान्याची. पेटीतल्या नव्वद नगांना त्याने वर्षभरात हातही लावला नाही. जुने मिस्त्री नव्या मुलांना सांगतात की आधी रोजच्या कामाची चार-पाच हत्यारे उत्तम घ्यावीत. क्वचित लागणारी साधी चालतात, आणि वर्षातून एकदा लागणारे मागून आणावे. दहा हजार हातात असतील तर निम्म्याहून अधिक रक्कम या चार-पाच हत्यारांवर जावी. ड्रिल मशीन पहिले काही दिवस भाड्याने आणता येते, पाइप पाना रोज भाड्याने आणता येत नाही.

खरेदी कुठे करावी?

खराडी-चंदननगरमधली हार्डवेअरची दुकाने तातडीच्या आणि लहान खरेदीला सोयीची आहेत. रोजच्या ओळखीचा फायदा असा की वस्तू सदोष निघाली तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळते. हा फायदाही पैशातच मोजावा. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी रिक्षाचे शंभर घालवण्यात काही अर्थ नाही.

पण पूर्ण संच घ्यायचा असेल तर रविवार पेठेतली बोहरी आळी गाठावी. दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांच्या दुकानांवरून या आळीला हे नाव पडले. हार्डवेअर, हत्यारे, दोऱ्या, कुलपे, बिजागऱ्या यांची दुकाने इथे एकाला एक लागून आहेत. अर्ध्या तासात पाच ठिकाणचा भाव कळतो, हीच इथली खरी सवलत. खराडीहून रामवाडी स्थानकापर्यंत जाऊन मेट्रो धरावी, सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी आणि मंडई किंवा कसबा पेठ स्थानकाला उतरून चालत जावे. पार्किंगची कटकट राहत नाही. दोन-तीन मित्रांनी यादी एकत्र करून नेली तर भाव आणखी खाली येतो, कारण घाऊक विक्रेत्याला सहा पकडी एकदम देणे परवडते. जुम्म्याची दुपार टाळून सकाळी लवकर गेलेले बरे. दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

तिसरी जागा म्हणजे जुना बाजार. मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाजवळ, बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. बार्शीच्या ज्या शाहिराच्या नावाने हा चौक आहे, त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. या बाजारात जुने शिकंजे, पाने, घण, रंधे, पटाशा रस्त्यावर मांडलेले असतात. जुन्या घडीव पोलादाचा पाना गंजलेला असला तरी आतून खणखणीत असतो. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासला की कामाला लागतो. भाव सांगितल्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करावी.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. बांधकामाच्या साइटवरून चोरीला गेलेली हत्यारेही अशा बाजारात येऊ शकतात. मशीनचा नंबर घासून काढलेला असेल, हत्यारावर कुणा ठेकेदाराचे नाव कोरलेले असेल किंवा नव्या मालाचा भाव अगदीच पडेल सांगितला जात असेल, तर हात मागे घ्यावा. चोरीचा माल आहे हे जाणून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि कायद्याआधीही, दुसऱ्या कारागिराची रोजी हिरावून आलेल्या हातोडीने मिळवलेल्या पैशात बरकत कशी असेल?

हातात घेऊन पारखावे

हत्यार डब्यातून बाहेर काढून दाखवा म्हणायला संकोच करू नये. खरा दुकानदार स्वतःच काढून देतो. आम्ही जाणत्या कारीगरांकडून गोळा केलेल्या खुणा अशा:

पक्कड: तोंड मिटून उजेडाकडे धरावी. कापण्याच्या पात्यांमधून उजेड दिसता कामा नये. मधला रिवेट डुगडुगत नसावा, तरी पक्कड सहज उघडली पाहिजे. वायरमनने मुठीवर १००० व्होल्टची खूण पाहावी. नुसते रंगीत प्लास्टिक म्हणजे इन्शुलेशन नव्हे.

पाना: आकड्याचा ठसा स्वच्छ आणि खोल असावा. ‘क्रोम व्हॅनेडियम’ आणि ‘ड्रॉप फोर्ज्ड’ ही अक्षरे पाहावीत. ड्रॉप फोर्ज्ड म्हणजे तापलेले पोलाद साच्यात ठोकून घडवलेले. ओतीव लोखंडाचा पाना जोर पडला की तडकतो.

हातोडी: लाकडी दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेने जावेत. आडवे रेषे असलेला दांडा एक दिवस मोडतो आणि डोके उडते.

मोजण्याचा टेप: टोकाचा आकडा थोडा हलतो, तो दोष नाही. आतून मोजताना आणि बाहेरून मोजताना त्या पत्र्याच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो.

लेव्हल: फरशीवर ठेवून बुडबुडा कुठे आहे ते पाहावे, मग त्याच जागी उलट टोकाने फिरवून ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी असेल तर लेव्हल खरी.

गुण्या: सरळ कडेला लावून रेघ मारावी, मग पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. रेघा एकावर एक आल्या तर काटकोन बरोबर आहे.

छिन्नी: जुनी घेताना डोक्याकडे पाहावे. घाव पडून ते छत्रीसारखे पसरले असेल तर कडा ग्राइंडरवर घासून घ्याव्यात, नाहीतर कपची उडून डोळ्यात जाते.

हातहत्यारांसाठी जालंधर, लुधियाना आणि नागौर ही शहरे प्रसिद्ध आहेत. आपल्या महाराष्ट्रातही नाशिकच्या सातपूर वसाहतीत टपारियासारखा जुना कारखाना आहे. नामांकित मालाच्या नकलाही बाजारात फिरतात. नावातले एखादे अक्षर बदललेले, डब्यावरची छपाई पुसट, उत्पादकाचा पत्ता नाही, असे दिसले की ओळखावे. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो.

पावती म्हणजे अर्धी हमी

‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल’ असे दुकानदार सांगतो. पक्कड, पाने, करवती यांवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे करासह ११८० रुपयांच्या खरेदीत १८० रुपये कराचे. ज्याचा स्वतःचा जीएसटी नंबर आहे, अशा ठेकेदाराला पक्क्या बिलावर या रकमेची वजावट मिळू शकते. नंबर नसलेल्या कारागिरालाही बिल हवेच, कारण वस्तू सदोष निघाली तर तोच पुरावा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण आजकालच्या पावत्यांची शाई सहा महिन्यांत उडते.

सरकारी मदतीचा एक मार्ग

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, गवंडी, शिंपी, न्हावी, धोबी, चर्मकार हे त्यांपैकी काही. पात्र कारागिराला प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर अशी तरतूद आहे. वय किमान १८ हवे आणि कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. योजनेत कर्जाचाही भाग आहे, पण तो घेणे बंधनकारक नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. प्लंबर आणि वायरमन या यादीत नाहीत. पण घरात कुणी सुतारकाम, गवंडीकाम किंवा शिवणकाम करीत असेल तर जवळच्या सीएससी केंद्रात आधार कार्ड घेऊन चौकशी करावी.

घरच्या पेटीत काय असावे?

घरात कारागीर नसला तरी एक लहान पेटी असावीच. पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, मध्यम हातोडी, ॲडजस्टेबल पाना, तीन किंवा पाच मीटरचा टेप आणि टेफ्लॉन टेप, एवढ्यात नव्वद टक्के घरगुती कामे होतात. मुलींनाही ही हत्यारे हाताळायला शिकवावीत. नळाचा वॉशर बदलायला किंवा ढिल्या दरवाजाचा स्क्रू आवळायला कुणाची वाट पाहायची गरज नाही.

बाकी मोठी हत्यारे, म्हणजे शिडी, ड्रिल मशीन, पाइप पाना, घण, एका इमारतीतल्या पाच-सात घरांनी वर्गणी काढून मिळून घ्यावीत. एका वहीत नेणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी, परत करताना पुसून, तेल लावून द्यावे. पवित्र कुरआनातील सूरह माऊनमध्ये रोजच्या वापराच्या साध्या वस्तू शेजाऱ्याला न देणाऱ्यांचा निषेध आहे, आणि जुन्या भाष्यकारांनी त्या वस्तू सांगताना भांडे आणि बादलीबरोबर कुऱ्हाडीचेही नाव घेतले आहे. मागून आणलेले हत्यार अमानत आहे. तुटले तर सांगून भरून द्यावे.

या महिन्यात घरातली हत्यारे एकदा बाहेर काढा. गंज घासा, सैल दांडे घट्ट करा, करवतीला धार लावून घ्या. मग काय कमी आहे त्याची यादी लिहा, आणि ती यादी खिशात घालूनच बाजारात जा.