मेगाहर्ट्झचा हिशेब

“घेतला सतराशेचा आणि दाखवतोय अकराशे!” मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून पीसी जुळवण्याच्या जमान्यात ही तक्रार नित्याची होती. पहिला संशय अर्थातच दुकानदारावर: जुना माल गळ्यात मारला. कधीकधी तो खराही निघे. पण पुष्कळदा प्रोसेसर निर्दोष असे. ऐंशीच्या दशकापासून २००८ पर्यंतचा मागोवा घेतला तर एक गोष्ट ठळक दिसते. पडद्यावरचा वेग हा चिपचा जन्मजात गुण नव्हता. कोणीतरी तो ठरवत होतं आणि ठरवणारा दर काही वर्षांनी बदलत होता. दुरुस्तीची निम्मी विद्या म्हणजे त्या त्या काळी तो ठरवणारा कोण, हे ओळखणं.

आयबीएमचा १९८१चा पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. तेव्हाचे बरेच खेळ त्याच वेगाच्या भरवशावर लिहिलेले. यंत्र वेगवान झालं की खेळातला गडी पळतच सुटे. म्हणून नंतरच्या यंत्रांवर टर्बो बटण आलं. ते बंद केलं की यंत्र मुद्दाम हळू होई. ४८६च्या कॅबिनेटवर त्याच्या शेजारी ३३, ६६ असे आकडे झळकत. ते मोजमाप नव्हतंच. कॅबिनेट जोडणारा मागचे जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या, लावून दिव्यांच्या रेघांतून हवा तो आकडा उमटवी. मनात आलं तर ९९सुद्धा. त्यामुळे आकडा ६६ आणि यंत्र मात्र मंद, असं झालं की जाणकार आधी टर्बोची वायर बोर्डावर नीट बसली आहे का ते बघे.

पेंटियमच्या काळात हिशेब मदरबोर्डावर आला. सूत्र साधं: बोर्डाचा बस वेग गुणिले प्रोसेसरची पट, म्हणजे मल्टिप्लायर. लेहऱ्याने लय धरावी आणि तबल्याने तिची दुगुन-तिगुन करावी, तसा बोर्ड ठोका देतो आणि प्रोसेसर आतल्या आत तो वाढवतो. ६६ची दुप्पट १३३, अडीचपट १६६, तिप्पट २००. पेंटियम १६६चा जंपर एक घर चुकला तर त्याचा १३३ होई. बस ६०वर राहिली तर १५०. काही खुणा तर आडवळणाच्या होत्या. २३३च्या पेंटियम एमएमएक्सला साडेतीनची पट हवी होती, जुन्या बोर्डांवर ती नव्हती. म्हणून ती चिप दीडची खूण साडेतीन अशी वाचे. एएमडीच्या के६-२च्या नंतरच्या चिप दोनची खूण सहा समजत. मॅन्युअल हरवलेल्या माणसाला हे सुचणार कसं?

दुकानदारावरच्या संशयालाही आधार होता. पट मोकळी असल्याने १३३ची चिप १६६वर चढवायची, वरचा छापा पुसून नवा उमटवायचा आणि विकायची, हा धंदा नव्वदच्या दशकात चालला. अशी चिप चालू होई, पण तापली की यंत्र लटके. पुढे इंटेलने पट आतच कुलूपबंद केली. मग हौशी जोडणाऱ्यांच्या हाती बस तेवढी उरली आणि तीही त्यांनी सोडली नाही. ऑगस्ट १९९८मध्ये आलेल्या सेलेरॉन ३००एची पट साडेचार. बस ६६वरून १००वर नेली की त्याचा ४५० होई. उलट सायरिक्सचा पी१६६+ मुळातच १३३वर चाले. पेंटियम १६६शी बरोबरी असल्याचा दावा फक्त नावात. म्हणजे आकडा कमी दिसला तर शक्यता तीन: जंपर चुकला, माल बनावट निघाला किंवा नावातला आकडा वेगाचा नव्हताच.

२००१नंतर या तिसऱ्या शक्यतेने खरा गोंधळ घातला. मार्च २०००मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, दोनच दिवसांनी इंटेलने. त्याच वर्षी पेंटियम ४ आला. त्याचे ठोके भराभर पडत, पण दर ठोक्याला काम कमी होई. गिऱ्हाईक मात्र ठोकेच मोजत होतं. म्हणून ऑक्टोबर २००१मध्ये आलेल्या अ‍ॅथलॉन एक्सपीच्या नावात एएमडीने वेगाऐवजी तुलनेचा आकडा घातला. १७००+ प्रत्यक्षात १४६७ मेगाहर्ट्झचा, १८००+ हा १५३३चा. तेव्हा १७००+वर १४६७ दिसणं ठीकच. ११०० दिसले तर मात्र बिघाड.

या बिघाडाचं मूळ गुणाकारातच सापडतं. १७००+ची पट ११. ती १३३शी गुणली की १४६७, शंभराशी गुणली की बरोबर ११००. प्रोसेसर आपली पट पाळतोय, बोर्डच ठोका कमी देतोय. चिपचं नावही बायोसच, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, लिही; त्यामुळे ‘१७००+’ जाऊन नुसतं ‘अ‍ॅथलॉन ११००’ उमटे आणि फसवणुकीची खात्री पटे. नव्या जोडणीत बोर्ड सावधगिरीने १००वरच सुरू झालेला असे. काही बोर्डांवर त्यासाठी वेगळा जंपर असे. चांगलं चाललेलं जुनं यंत्र अचानक ११००वर आलं, तर बहुधा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा चपटा सेल संपलेला असे. तो गेला की बायोस आपली मांडणी विसरून कारखान्याच्या आकड्यांवर परते. ओळखण्याची खूण म्हणजे वेगाबरोबर तारीखही मागे गेलेली दिसे.

सेल बदलून बस १३३ केली की काम झालं, पण त्याआधी रॅम पाहणं भाग होतं. पीसी१६०० रॅम १००च्या बससाठी; १३३ला पीसी२१०० लागे. ते न पाहता बस वाढवली की वेगाबरोबर विंडोजचा निळा पडदाही मिळे. बार्टन जातीच्या २५००+ची पटही ११च, पण त्याला बस १६६ची हवी. १३३पर्यंतच जाणाऱ्या बोर्डावर तो १४६७वर अडे. तिथे सेटिंग काय करणार? बोर्डच बदलायचा.

मोजणाऱ्यांचीही एक कथा आहे. जुने प्रोग्रॅम रिकामी आवर्तनं फिरवून वेगाचा अंदाज घेत. टर्बो पास्कलमध्ये अशीच सोय होती. प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले तसा तिथला भागाकार आवाक्याबाहेर गेला आणि चांगले प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ दाखवून सुरू होतानाच कोसळू लागले. पेंटियमपासून मात्र ठोके मोजणारा काउंटर चिपमध्येच आला, आणि पुढे सीपीयू-झेडसारखी साधनं पट, बस, वेग वेगवेगळे दाखवू लागली. पेंटियम ४ने तिथेही चकवलं. पंख्याखाली धूळ साचून तो तापला की मधले मधले ठोके गाळून स्वतःला सावरी. साधनात आकडा पूर्ण, काम रडतखडत. अशा वेळी ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट हाच उपाय.

नंतर चिप रिकामी असताना स्वतःच मंदावू लागली. २००३च्या अ‍ॅथलॉन ६४मध्ये ही सोय होती, इंटेलनेही ती आणली. २००६च्या कोअर २ डुओ ई६६००ची पट नऊ, बस २६६. काम नसलं की पट सहावर येई. मग विंडोज एक्सपीत एकाखाली एक २.४० आणि १.६० गिगाहर्ट्झ दिसत आणि मालक घाबरे. यंत्राला एखादं जड काम लावून पुन्हा पाहिलं की आकडा जागेवर येई. २००८मध्ये इंटेलच्या टर्बो बूस्टने उलट टोक गाठलं: चिप छापील वेगाच्याही वर जाऊ लागली.

जुनं यंत्र पुन्हा चालू करणाऱ्याला आजही तोच क्रम उपयोगी पडतो. नावामागचा खरा वेग माहीत करून घ्यायचा, त्याला पटीने भागायचं आणि येणारी बस बोर्ड देतोय का ते तपासायचं. नव्या यंत्रावर हा भागाकार चालत नाही. तिथे चिप उष्णता, वीज आणि काम पाहून पट क्षणोक्षणी बदलते. जंपरच्या काळी आकडा चुकला असं ठणकावून सांगता येई, कारण बरोबर आकडा एकच असे.