नावं वाचायची राहिली होती

वसई तालुक्याचे रेल्वेच्या रुळांनी दोन भाग केले आहेत. पश्चिमेला केळी, पानवेली, फुलांचे मळे, विहिरी आणि झाडांच्या वर डोकावणारे चर्चचे मनोरे. पूर्वेला अहमदाबादचा हमरस्ता, तुंगारेश्वरचा डोंगर, गोदामं, आणि त्यातच आमची चिंचोटी. चिंचोटीचं नाव लोकांना ठाऊक असतं ते पावसाळ्यातल्या धबधब्यामुळं, नाहीतर भिवंडीकडं वळणाऱ्या रस्त्यामुळं. मी या पूर्वेकडचा. पण मराठी कवितेच्या निमित्तानं पापडी, निर्मळ, सांडोर, गास, नंदाखाल या पश्चिमेकडच्या गावांत माझं तीसेक वर्षांचं जाणंयेणं आहे. ती माणसं माझ्या कविता ऐकून घेतात, मी त्यांच्याकडं नाताळचा फराळ खातो. महामारीच्या काळातल्या चर्चच्या गावांविषयी मुसलमान माणसानं काय बोलायचं, असं कुणाच्या मनात आलंच तर उत्तर साधं आहे. आम्ही दोघंही आपली माणसं मातीत ठेवतो. २०२० साली त्या मातीवरच प्रश्न आला, तेव्हा दोघांच्याही तोंडचं पाणी एकाच वेळी पळालं.

पण आधी धर्मग्राम म्हणजे काय ते सांगायला हवं. एका चर्चच्या आधारानं राहणारी वस्ती म्हणजे धर्मग्राम, ज्याला पॅरिश म्हणतात ते. १९९८ साली मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्यात अशी अनेक धर्मग्रामं आहेत. अशा गावात कुणी गेलं की ते मरण एका घराचं राहत नाही. चर्चची घंटा सावकाश, अंतर राखून वाजू लागते. वाडीत पाणी लावणारा माणूस हातातलं फावडं टेकवून 'कोण?' असं विचारतो. संध्याकाळी त्या घरी जपमाळ होते, शेजारपाजारच्या बाया चहाचं पातेलं चढवतात. मग अंत्ययात्रा, चर्चमध्ये मिस्सा, दफनभूमीतली प्रार्थना, आणि प्रत्येकाच्या हातची मूठभर माती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झालं. पण खरं काम तिथून पुढं सुरू होतं. सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. पुढंही घरचे लोक त्या माणसाच्या नावानं मिस्सा देत राहतात, आणि वेदीवरून ते नाव गावाच्या कानावर पडतं. शिवाय नोव्हेंबरचा सगळा महिना मृतांचा. २ नोव्हेंबरला गावच्या गाव दफनभूमीत लोटतं. कबरी धुतल्या जातात, झेंडू-शेवंतीनं सजवल्या जातात, मेणबत्त्या लागतात, आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली जातात. आमच्याकडं जियारत, चाळिसावा, बरसी असते. हिंदूंकडं दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध आणि पितृपक्ष. दुःखाला तारखा नेमून देण्याची ही युक्ती कुणी कुणाकडून घेतली ते शोधण्यात अर्थ नाही. तिचा उपयोग काय, हे मला महामारीत कळलं.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. प्रार्थनास्थळं बंद झाली. अंत्यविधीला वीसच माणसं, असा नियम आला. त्या वर्षी एप्रिलच्या एकाच आठवड्यात आमची शब-ए-बारात आणि त्यांचा गुड फ्रायडे आला. शब-ए-बारातीला आम्ही रात्री कबरस्तानात जातो, दिवे-अगरबत्त्या लावतो, गेलेल्यांसाठी दुआ मागतो. त्या रात्री फाटकांना कुलपं होती. १० एप्रिलला गुड फ्रायडेची क्रुसाची वाट निघाली नाही, आणि १२ तारखेला ईस्टरचा रविवार घराघरात मोबाइलच्या पडद्यावर झाला.

इथं दोन्ही धर्मांतला एक फरक सांगतो, कारण पुढचं त्यावरून समजतं. कॅथलिक धर्मगुरू रिकाम्या चर्चमध्ये एकटा मिस्सा करू शकतो. लोक समोर नसले तरी ती पुरी होते. त्यामुळं बंद दारांआड मिस्सा चालू राहिली, आणि मृतांची नावंही तिथं घेतली जात होती. आमची जुम्म्याची नमाज एकट्यानं होत नाही, तिला जमात लागते. म्हणून शुक्रवारी घरीच जोहरची नमाज पढा, असं उलेमांनी सांगितलं. उलट जनाज्याच्या नमाजीचा नियम आम्हाला सोपा गेला. ती फर्ज-ए-किफाया आहे, म्हणजे वस्तीतल्या काही जणांनी अदा केली की सगळ्यांच्या माथ्यावरचा भार उतरतो. हे लहानपणी मदरशात पाठ केलं होतं. साऱ्या वस्तीच्या वतीनं चार माणसांना कधी उभं राहावं लागेल याची तरतूद शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवलेली आहे, हे मात्र २०२० साली ध्यानात आलं.

केंद्राच्या आरोग्य खात्याची १५ मार्च २०२० ची सूचना मी बारकाईनं वाचली होती. मृतदेह गळती न होणाऱ्या पिशवीत ठेवावा. आंघोळ घालणं, चुंबन घेणं, मिठी मारणं नको. पण पिशवीची चेन उघडून घरच्यांना चेहरा दाखवायला हरकत नाही. स्पर्श न करता धर्मग्रंथ वाचणं, पवित्र पाणी शिंपडणं चालेल. पुरणं आणि जाळणं, दोन्हीला वाट होती. सरकारी कागदात इतकी माणुसकी क्वचित सापडते. दुर्दैवानं तो कागद फार थोड्यांनी वाचला. ३० मार्चला मुंबई महापालिकेचं परिपत्रक निघालं की कोरोनानं मेलेल्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करावं. काही तासांत ते बदललं आणि मोठ्या दफनभूमींत पुरायला मुभा मिळाली, पण व्हायची ती घबराट झाली होती. एप्रिलच्या सुरुवातीला मालवणीच्या कबरस्तानात एका मुसलमान वृद्धाला जागा नाकारली गेली आणि त्यांच्यावर हिंदू स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. नाकारणारे आमचेच होते, हेही सांगितलं पाहिजे. भीती जात विचारत नाही.

वांद्र्याच्या कबरस्तानाविरुद्ध काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठानं निकाल दिला: काळजी घेऊन पुरलेल्या मृतदेहामुळं रोग पसरतो याला आधार नाही, आणि सन्मानानं दफन होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो रमजानचा शेवटचा शुक्रवार होता. कॅथलिकांची अडचण त्यामानानं थोडी निराळी. त्यांच्या चर्चनं १९६३ सालीच दहनाला परवानगी दिली आहे. रक्षा मात्र पवित्र जागी ठेवायची, उधळायची नाही. पण परवानगी असणं वेगळं आणि आईच्या शेजारी बापाला ठेवायची गावाची रीत मोडणं वेगळं.

चर्चच्या गावांनी साथी पूर्वीही पाहिल्या आहेत. १६९५ साली जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी वसईला आला होता, त्यानंही या किनाऱ्यावरच्या प्लेगबद्दल लिहून ठेवलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीतला प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगश या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरनं. त्या प्लेगच्या वर्षांत मुंबईच्या ख्रिस्ती गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, वांद्र्याच्या गावठाणांत ते आजही दिसतात. चर्चपर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून लोकांनी प्रार्थनेची जागाच गल्लीत आणली. वसईच्या आळ्यांतही क्रूस पुष्कळ आहेत. ते सगळे प्लेगचे नव्हेत, काही नवसाचे, काही नुसत्या वहिवाटीचे. हा रिवाज रोमइतका जुना आहे. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून सान मार्चेलो चर्चमधला लाकडी क्रूस मिरवला होता. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात एकटे प्रार्थनेला उभे राहिले, तेव्हा तोच क्रूस तिथं आणलेला होता.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचं मात्र आश्चर्य वाटतं. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. प्लेगपेक्षा कमी काळात आणि कितीतरी वेगानं. तिचा एक दगड माझ्या पाहण्यात नाही. प्लेग वर्षानुवर्षं परत येत राहिला, लोकांना क्रूस घडवायला उसंत मिळाली. इन्फ्लुएंझानं काही महिन्यांत घरं रिकामी केली आणि तो निघून गेला. मागं राहिलेल्यांनी पेरणीकडं बघितलं.

आता माझ्या जवळच्या एका मरणाविषयी. पश्चिमेकडच्या एका गावातले एक निवृत्त शिक्षक, मी त्यांना सरच म्हणायचो. घरात सामवेदी बोलायचे आणि माझ्या वहीतले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईनं सुधारायचे. 'तुझी कविता बरी आहे, पण तुझ्या वेलांट्यांना शिस्त नाही,' हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, ते गेले. विरारच्या रुग्णालयात आग लागून अतिदक्षता विभागातले रुग्ण दगावले, तोच हा महिना. राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा बंद झाली होती. आमचे रोजे चालू होते. सरांचं दफन मी चिंचोटीत बसून फोनवर पाहिलं. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं, लांब उभा असलेला धर्मगुरू, पाणी शिंपडणारा त्याचा हात, आणि थरथरणारं चित्र, कारण फोन त्यांच्या मुलाच्या हातात होता. घंटा वाजली की नाही ते फोनवर कळलं नाही. सगळं नऊ मिनिटांत आटोपलं.

ऑनलाइन प्रार्थनेची टिंगल करणारे पुष्कळ भेटले. मी करणार नाही. पण फोनमधून माती टाकता येत नाही, आणि सरांच्या पत्नीला पुढचे कित्येक दिवस तेच सलत होतं. सातव्या दिवसाची मिस्सा झाली ती बंद चर्चमध्ये. महिन्याचीही तशीच. त्या माउली मला म्हणाल्या, 'भाऊ, तारखा तर सगळ्या पाळल्या, पण माणसं यायची राहिली.'

ही राहिलेली बाकी फेडण्याची सोय चर्चनं आदल्या वर्षीच करून ठेवली होती. एरवी १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की त्यांना विशेष कृपा लाभते, अशी कॅथलिक श्रद्धा. २२ ऑक्टोबर २०२० रोजी व्हॅटिकननं फर्मान काढून ही मुदत पूर्ण नोव्हेंबरभर वाढवली. गर्दी नको, थोडे थोडे जा; ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी घरूनच प्रार्थना करावी. महाराष्ट्रात त्या वर्षी प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आठ दिवसांचीच मुदत असती तर दारं उघडायच्या आत ती सरून गेली असती. २०२१ सालीही नोव्हेंबरभराची सवलत मिळाली.

२०२१ मध्ये प्रार्थनास्थळं घटस्थापनेच्या दिवशी, ७ ऑक्टोबरला पुन्हा उघडली. २ नोव्हेंबर मंगळवारी आला, आणि नेमकी त्याच दिवशी धनत्रयोदशी. झेंडू महाग झाला होता. सरांच्या गावच्या दफनभूमीत मी भिंतीला टेकून उभा होतो. तोंडावर मुखपट्ट्या, मधे अंतर, तरी गाव सगळं आलेलं. नावं वाचायला सुरुवात झाली. एरवी हे काम चटकन उरकतं. त्या दिवशी वाचणाऱ्या तरुणाला मधेच थांबून पाणी प्यावं लागलं, आणि पुढची नावं दुसऱ्या एका मुलीनं वाचली. एकेका घरातली दोन-दोन नावं होती. सरांचं नाव आलं तेव्हा त्यांच्या पत्नी खाली वाकल्या आणि त्यांनी कबरीवर मूठभर माती टाकली. त्यांच्यामागं रांग लागली. कुणी सांगितलं नव्हतं, विधीत ते कुठं लिहिलेलंही नाही. सहा महिन्यांपूर्वी जे आले नव्हते ते सगळे एकामागून एक माती देऊन गेले. मीही दिली. परत येताना हिंदूंच्या दारांत दक्षिणेकडं वात केलेले यमदीप लागले होते.

वसईत करोनाचा क्रूस किंवा स्तंभ उभारावा का, असं अधूनमधून कुणीतरी मला विचारतं. उभारला तर मी हरकत घेणार नाही, कविता मागितली तर तीही देईन. पण दफनाची नोंद ठेवणं चर्चला त्याच्या कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि त्या मृतांच्या वहीची बरोबरी दगडाला करता येईल असं मला वाटत नाही. सरांच्या मुलानं मला तिचं पान दाखवलं. आधीच्या ओळीत नव्वदी ओलांडलेली एक म्हातारी, म्हातारपणानंच गेलेली. नंतरच्या ओळीत त्याच आठवड्यातलं आणखी एक नाव. मधे सर. साथीतल्या मृतांसाठी वेगळं पान काढलेलं नव्हतं. नाव, वय, तारीख, धर्मगुरूची सही. सगळ्या वेलांट्या जागच्या जागी होत्या, मी मुद्दाम पाहिल्या.